शंभरांत एक

पन्हाळ्यास जाण्याचे प्रसंग मला आयुष्यांत पुष्कळ आले. शाळेच्या सहलींत गेलों, लग्न झाल्यावर गेलों, आणि परगांवच्या पाहुण्यांना किल्ला दाखविण्यासाठीं किती वेळां गेलों याची तर गणतीच नाहीं. कोल्हापुरांतल्या माणसाला पन्हाळा म्हणजे घरामागचें परस. वीस किलोमीटरांची वाट, वर चढतांच अंगाला झोंबणारा वारा, झुणका-भाकर, आणि दिवेलागणीच्या आंत परत. परंतु गेल्या आषाढांत गेलों तो एका कामगिरीवर गेलों, आणि ती कामगिरी, आधींच कबूल करून टाकतों, माझ्या हातून पार पडली नाहीं.

माझे चिरंजीव पुण्यास असतात. त्यांचा मुलगा सत्तावीस वर्षांचा. संगणकाच्या धंद्यांतल्या एका कंपनींत चांगल्या पगारावर आहे. त्यानें ही नोकरी सोडावयाची आणि दोन मित्रांच्या भागीदारींत खेळ तयार करावयाचे, असें मनांत घेतलें. चिरंजीवांचा मला फोन आला, "नाना, तुमचें तो ऐकतो. पन्हाळा पाहायला येतो म्हणतो आहे, तेव्हां त्याला चार शब्द सांगा." ते चार शब्द कोणते हें वाचकांस सांगावयास नको. आपल्यासारख्या घरांतून ते तीन पिढ्या पाठ आहेत.

हे खेळ कसले, तें प्रथम सांगितलें पाहिजे. पत्ते, सोंगट्या, बुद्धिबळें यांपैकीं कशांतच ते मोडत नाहींत. चार-सहा गडी एका मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येकानें एकेक सोंग घ्यावयाचें. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक गडी सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगत जातो : पुढें भुयार आहे, आंतून गुरगुर ऐकूं येते, आतां तुम्ही काय करतां? मग ज्यानें त्यानें आपल्या सोंगास साजेल तें करावयाचें. जमलें कीं फसलें हें फांसे ठरवितात. या जातीचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं १९७४ मध्यें काढला. नातवाला असाच एक खेळ दख्खनच्या किल्ल्यांवर रचावयाचा होता, आणि त्याच्या पहिल्या डावाचें स्थळ पन्हाळा होतें. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेले, त्यांत पन्हाळा आहे. तेव्हांपासून ही कल्पना त्याच्या डोक्यांत घोळत होती.

बसमध्यें त्यानें आपली अडचण सांगितली. "आजोबा, आमच्या खेळांत कोणत्याहि गांवच्या खानावळींत शिरावें तों तलवार लावलेले चार साहसी कोपऱ्यांत बसलेले असतातच. इतके साहसी असतील तर शेत कोण नांगरतो आणि खानावळींत भाकऱ्या कोण भाजतो? बरें, अगदींच थोडे धरावेत, तर गोष्ट पुढें सरकत नाहीं. तुम्ही एवढें वाचलें आहे. पन्हाळ्यावर खरोखरीचे साहसी शंभरांत किती धरूं?"

मीं विचारलें, "तुमचें शास्त्र काय म्हणतें?" तर त्या शास्त्रांत याचें उत्तर आहे म्हणे. १९७९ मध्यें सूत्रधारासाठीं जो मार्गदर्शक ग्रंथ निघाला, त्यांत माणसांपैकीं शंभरांत एक असा आंकडा दिला आहे. पराक्रमाच्या पायऱ्या चढण्याची योग्यता असलेला एक. उरलेले नव्याण्णव जन्मास येतात, राबतात आणि मरतात. मला मनांतून फार आनंद झाला. माझे चार शब्द आयतेच हातीं आले होते. शंभरांत एक, आणि तो एक तूंच कशावरून? एवढें विचारलें कीं काम झालें. परंतु बस वाघबिळाच्या पुढें घाटास लागली, पाऊस सुरू झाला, आणि मास्तरकीची जुनी खोड उफाळून आली. एखादा आंकडा कोणी समोर टाकला कीं तो तपासल्यावांचून मला राहवत नाहीं.

शस्त्र धरणारा तो साहसी, असें धरलें तर शंभरांत एक हा आंकडा फारच कमी ठरतो. अबुल फझलनें 'ऐन-ए-अकबरी'मध्यें जमीनदारांच्या पदरच्या फौजेचा आंकडा ४४ लाखांच्या वर दिला आहे. त्या काळच्या हिंदुस्थानची वस्ती इतिहासकार दहा ते पंधरा कोटींच्या दरम्यान धरतात. म्हणजे म्हातारेकोतारे, बायकामुलें धरूनहि दर पंचवीस-तीस जीवांमागें एक हत्यारबंद! डर्क कोल्फ या डच इतिहासकारानें १९९० मध्यें या विषयावर एक ग्रंथच लिहिला. उत्तर हिंदुस्थानांतला शेतकरी हंगाम सरला कीं ढाल-तलवार घेऊन चाकरीच्या बाजारांत कसा उभा राही, तें त्यानें दाखविलें आहे. आपल्याकडेहि निराळें नव्हतें. पावसाळ्यांत नांगर, दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि अक्षय्यतृतीयेच्या सुमारास परत घरीं. सोनें म्हणून आपट्याचीं पानें वाटतांना आपण विसरतों, कीं तो एकेकाळीं पुष्कळ घरांचा नोकरीवर रुजू होण्याचा दिवस होता.

पण हत्यार धरणें म्हणजे साहस नव्हे. तें पोट भरणें होय. मराठी फौजेंत याचा एक मोठा बोलका भेद होता : बारगीर आणि शिलेदार. बारगिराचा घोडा सरकारचा. घोडा मेला तर सरकारचा मेला. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचें हत्यार घेऊन येई. घोडा मेला कीं त्याचें भांडवल बुडालें. मीं नातवाला म्हटलें, "तुझ्या खेळांतला साहसी शिलेदार आहे, हें लक्षांत ठेव. आणि आज तूं बारगीर आहेस." तो हंसला, पण बोलला नाहीं.

गंमत अशी, कीं साहसी या अर्थाचा जो इंग्रजी शब्द, 'ॲडव्हेंचरर', तोहि असाच भांडवलाशीं बांधलेला आहे. १६०० मध्यें लंडनच्या ज्या दोनशेंहून अधिक व्यापाऱ्यांनीं व उमरावांनीं ईस्ट इंडिया कंपनीस पैसा पुरविला, त्यांना हेंच नांव होतें. त्यांपैकीं बहुतेकांनीं समुद्राचें पाणी पायालाहि लावून घेतलें नसेल. त्यांचा पैसा लाटांवर होता, तेवढें पुरे. त्या कंपनीचा राजापूरचा वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन १६६० मध्यें तोफ घेऊन याच पन्हाळ्याच्या पायथ्याशीं आला आणि इंग्रजी निशाण लावून त्यानें गडावर गोळे टाकले. १६६१ मध्यें महाराजांनीं राजापूरची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसाहेबांस कैदेंत टाकलें, हें सर्वश्रुतच आहे.

बसस्थानकावर उतरून आम्ही बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशीं आलों. पावसांत भिजत कोणी शाळेचीं मुलें तेथें उभीं होतीं आणि मार्गदर्शक त्यांना तीच कथा सांगत होता. ती आपल्या सर्वांस ठाऊक आहे, म्हणून मी तिच्यांतलीं फक्त माणसें मोजणार आहें. अफझलखानाच्या वधानंतर अठराच दिवसांनीं, २८ नोव्हेंबर १६५९ रोजीं, गड महाराजांच्या हातीं आला. पुढच्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पडला. १२ जुलै १६६० च्या रात्रीं, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, भर पावसांत महाराज बाहेर पडले. बरोबर सहाशें माणूस. पुढें घोडखिंडींत बाजीप्रभूंबरोबर राहिले ते त्यांतले तीनशें, असें परंपरा सांगते. म्हणजे त्या रात्रीं निवडलेल्यांत निम्मे! शंभरांत एकाचा हिशेब येथें कोठल्या कोठें वाहून जातो.

हे तीनशें कोण? हिरडस मावळांतले बांदलांचे लोक. आषाढ म्हणजे भाताच्या लावणीचे दिवस. साधारण वर्षीं या वेळीं हीं माणसें गुडघाभर चिखलांत वांकून रोपें लावीत असतीं. त्यांच्यांत कोणी साहसी म्हणून जन्मास आला होता, असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. पुढें दरबारांतलें मानाचें पहिलें पान बांदलांना मिळालें. तो मान एका नांवाचा नव्हता, सगळ्या जमावाचा होता.

आणि भोई? महाराज पालखींतून गेले, असें आपण लहानपणापासून म्हणत आलों. पन्हाळ्यापासून विशाळगड सुमारे साठ किलोमीटर. मसाईचें पठार, चिखल, वाहते ओहोळ, मागें सिद्दी मसूदचे घोडेस्वार. ती पालखी ज्यांच्या खांद्यावर होती, त्यांतल्या एकाचेंहि नांव माझ्या वाचनांत नाहीं. दुसऱ्या पालखींत बसून शत्रूच्या हातीं जाणाऱ्या शिवा काशिदाचें नांव नेबापूरच्या लोकांनीं जपलें म्हणून आज त्याचा पुतळा आहे आणि गांवांत समाधि आहे. त्याच्या पालखीच्या भोयांचें काय झालें असेल?

नातवानें वहींत लिहून घेतलें : भोई. मग म्हणाला, "आजोबा, आमच्या खेळांत भोयाचें सोंग कोणी घेणार नाहीं." मी म्हटलें, "मग तुमची पालखी हलणार नाहीं."

आणखी एक माणूस मला नेहमीं आठवतो. महाराज निघून गेल्यावर गड रिकामा नव्हता. त्र्यंबक भास्कर मागें राहिले होते. सिद्दीचा संताप आतां त्यांच्यावर येणार, आपली सुटका कोणी करणार नाहीं, हें त्यांना पुरतें माहीत होतें. त्याच वर्षीं पुढें महाराजांच्याच आज्ञेनें त्यांनीं गड आदिलशहास दिला. मागें राहण्याचें हें काम साहसांत धरावयाचें कीं नाहीं, यावर आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. नातू म्हणे, ही नोकरी. मी म्हणें, खिंडींतलीहि नोकरीच होती.

खरें पाहतां त्या वेढ्यांत खानावळींतल्या साहस्याशीं हुबेहूब जुळणारा माणूस एकच होता, आणि तो वेढा घालणारा होता. सिद्दी जौहर मूळचा हबशी गुलाम. धनी वारल्यावर त्यानें कर्नूलचा कारभार बळकावला, आदिलशहाशीं बंड मांडलें, आणि महाराजांना पकडण्याच्या बोलीवर सलाबतखान हा किताब मिळविला. मलिक अंबर त्याच्या आधींचा, पुष्कळ मोठ्या योग्यतेचा. पण वाट तीच. बाजारांत विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. अशीं माणसें शंभरांत एक नव्हतीं, लाखांत एक असतील. आणि जौहरची अखेर पाहा : शिकार निसटल्यावर शहाला त्याच्या निष्ठेचीच शंका आली.

पाऊस वाढला म्हणून आम्ही अंबरखान्याच्या आडोशाला गेलों. गंगा, यमुना, सरस्वती अशीं तीन धान्यकोठारें. त्यांत २५,००० खंडी धान्य मावे असें सांगतात. भिंतीची जाडी पाहूनच माणूस थक्क होतो. तेथें बसून मीं नातवाला याच गडाच्या दोन स्वाऱ्यांची गोष्ट सांगितली, आणि मला वाटतें, त्याच्या प्रश्नाचें उत्तर कोठें असेल तर तें या दोन स्वाऱ्यांच्या मध्यें आहे.

पहिली स्वारी १६ जानेवारी १६६६ ची. पुरंदरच्या तहानंतर महाराज मिर्झाराजांच्या बाजूनें विजापुरावर गेले होते. त्यांनीं स्वतः रात्रीं पन्हाळ्यावर छापा घातला. नेतोजी पालकरांनीं वेळेवर येऊन मिळावयाचें होतें. ते आले नाहींत. गड सावध होता. सुमारे हजार माणूस पडलें आणि हात हलवीत परतावें लागलें. शूरांची वाण नव्हती. प्रत्यक्ष महाराज पुढें होते.

दुसरी स्वारी ६ मार्च १६७३ ची. कोंडाजी फर्जंद निवडक साठ माणसें घेऊन काळोखांत कडा चढला. वर जाऊन त्यांनीं कर्णे फुंकले, मोठी फौज आली असें वाटून गडावर एकच गोंधळ उडाला, किल्लेदार बाबूखान मारला गेला, आणि सूर्योदयापूर्वीं गड आपला झाला. जयराम पिंडे या कवीनें यावर 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हें संस्कृत काव्य त्याच काळांत रचलें, त्यामुळें हकीगत बरीच सविस्तर हातीं आली आहे.

हजार पडले तेथें साठांनीं काम केलें. साठजण अधिक शूर होते म्हणून? मला तसें वाटत नाहीं. या वेळीं मागें अणाजी दत्तो होते. हेर आधीं जाऊन आले होते, गडाची खडान्‌खडा माहिती काढलेली होती, आणि साठांच्या पाठीशीं फौज घेऊन पंत दबून बसले होते. कोंडाजी फसता तर त्याला परत फिरण्यास जागा होती; यशस्वी होतांच गड सांभाळण्यास माणसें तयार होतीं. नेतोजी उशिरा आले आणि पंत वेळेवर होते, एवढाच फरक. महाराजांनीं कोंडाजीला सोन्याचें कडें दिलें म्हणतात. अणाजीपंतांना त्या रात्रीबद्दल काय मिळालें हें मला ठाऊक नाहीं. पुढच्या इतिहासांत तर त्यांचें नांव फार निराळ्या कारणानें काळवंडलें. पण त्या एका रात्रीपुरतें त्यांचें श्रेय त्यांना दिलें पाहिजे.

सभासदानें आपल्या बखरींत फौजेची रचना दिली आहे, तींत दर पंचवीस राउतांमागें एक नालबंद आणि एक पखालजी नेमलेला आहे. महाराजांनीं साहसी किती जन्मतात हें मोजण्यांत वेळ घालविला नाहीं. एका घोडेस्वाराला घोडेस्वार ठेवण्यासाठीं मागें किती हात लागतात तें मोजून ठेवलें. ती व्यवस्था लागली तेव्हां बाराही मावळांतून माणूस उभा राहिला. त्याच मावळांत पन्नास वर्षांपूर्वीं हींच माणसें नव्हतीं काय? होतीं, देशमुखांच्या आपसांतल्या भाऊबंदकींत एकमेकांचीं डोकीं फोडीत होतीं. विशाळगडाखालीं त्या सकाळीं महाराजांची वाट अडवून बसलेले सुर्वे आणि दळवीहि मराठेच होते.

येथें आपल्या घरांविषयीं थोडें बोलल्यावांचून राहवत नाहीं. लेखणीच्या माणसाला साहस वर्ज्य, अशी एक समजूत आपण फार प्रेमानें बाळगली आहे. कविवर्य मोरोपंत १७२९ मध्यें याच पन्हाळ्यावर जन्मले. त्यांचे वडील रामाजीपंत पराडकर कोंकणांतल्या सौंदळचे. चाकरीच्या शोधांत घाट चढून आले. मुलगा पुढें बारामतीस गेला आणि एकशें आठ रामायणें रचून बसला. त्यांत एक असें, कीं ओंठ मिटून उच्चारावीं लागणारीं अक्षरेंच त्यांत नाहींत! तलवार न धरतांहि माणूस केवढ्या भलत्या उड्या घेऊं शकतो याचा हा नमुना. आपल्यापैकीं बहुतेकांचे पणजे-खापरपणजे असेच पडशी खांद्याला अडकवून कोठून तरी कोठें तरी आलेले असतात. आपण मात्र त्यांनीं मिळविलेली स्थिरता तेवढी वारशानें घेतों आणि पडशी माळ्यावर टाकतों.

ताराबाईंची कथा मीं मुद्दामच आणली नाहीं. तिला स्वतंत्र लेख पाहिजे. १८४४ ची हकीगत मात्र एका कारणानें सांगतों. त्या वर्षीं कोल्हापूर राज्यांतल्या गडकऱ्यांनीं बंड केलें. हे गडकरी पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखीत आलेले, शेतावर निर्वाह करणारे लोक. इंग्रजांच्या वजनानें नेमलेल्या कारभाऱ्यानें त्यांच्या जमिनींच्या व्यवस्थेंत हात घातला, आणि सामानगड, भुदरगड, पन्हाळा एकामागून एक पेटले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स फिरतीवर असतां त्यांनीं पकडून पन्हाळ्यावर कोंडला. डिसेंबरांत इंग्रजांनीं तोफांनीं तट फोडला आणि पुढें चार दरवाजा पाडून टाकला. त्याचे अवशेष आजहि येणाऱ्याच्या वाटेवर आहेत. आदल्या वर्षीं कोणी गडावर येऊन साहसी मोजते, तर त्यांना एकहि सांपडला नसता. सगळे शेतकरी भेटले असते.

नातू बराच वेळ वहीकडे पाहत होता. मग म्हणाला, "म्हणजे शंभरांत एक हा आंकडा खोडून टाकूं?"

"खोडूं नकोस. त्याच्या शेजारीं लिही, मागें किती माणसें आहेत त्यावर अवलंबून."

"आजोबा," तो म्हणाला, "बाबांनीं तुम्हांला माझी समजूत घालायला सांगितलें आहे, हें मला माहीत आहे."

मी ओशाळलों. पन्हाळ्याच्या पावसांत ओशाळण्यास एक सोय आहे, चष्मा पुसावयास घेतां येतो.

"बारा महिन्यांचें धान्य माझ्या अंबरखान्यांत आहे," तो पुढें म्हणाला. "पगारांतून तेवढें शिलकींत टाकलें आहे. दोघां मित्रांपैकीं एक हिशेब पाहणारा आहे, म्हणजे नालबंद म्हणा. गडाची माहिती काढायला मी स्वतः आलों आहें."

"आणि अणाजीपंत?" मीं विचारलें.

तो उठून कोठाराच्या दाराशीं गेला. बाहेर धुक्यांत कांहीं दिसत नव्हतें. "ते बाबांनीं व्हावें असें मला वाटतें," तो म्हणाला. "पैसे नकोत मला. फसलों तर परत यायला घर आहे, एवढें त्यांनीं एकदां तोंडानें म्हणावें. माझ्या म्हणण्यानें ते म्हणणार नाहींत. म्हणून तर तुम्हांला घेऊन आलों."

कामगिरीवर मी आलों होतों कीं मला आणण्यांत आलें होतें, हा उलगडा असा झाला.

रात्रीं घरीं आल्यावर ओले कपडे दोरीवर टाकले, आणि चिरंजीवांचा फोन येण्याच्या आंत मींच लावला.

"समजावलें का त्याला?" त्यांनीं विचारलें.

मी म्हटलें, "येत्या रविवारीं तूं इकडे ये. आपण तिघे पुन्हां वर जाऊं. तुला अंबरखाना पाहून किती वर्षें झालीं?"